मुऱ्हाळ्याची गाडी

कामरगाव,
८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. आवडास,
नथ्थूदादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी तुया गुडघ्याचं लिही. ऑपरेशनपासून पाय वाकत नाही हे समजलं, पण ठणका तरी कमी झाला का? जवाईबुवांचा खोकला कसा आहे? किशनच्या कामाची धावपळ कमी झाली का? सूनबाई सुकेशनीची दाढ थांबली का? आन् तुया त्या लंगड्या बकरीलेही मी विचारलं म्हणून सांगजो, दोघी एकमेकींच्या सोबतीनं चालत असाल. इकडे तुया वहिनीची, हेमलाची कंबर सकाळी धरते आन् भांडायच्या वेळेले बरोबर सुटते. माया कानाचं तर तुले माहीतच आहे. फोनवर तू बोलतेस आन् मले कोंबडी उकिरडा उकरून राह्यल्यासारखं ऐकू येते. म्हणून आपलं पत्रच बरं.

भाऊबीजेले मी मुऱ्हाळी होऊन तुले घ्यायले येणार हे राखीलेच ठरलं. एसटीची पायरी तुले चढता येत नाही, काळीपिवळीत कोंबून बसता येत नाही. पाय लांब करून बसशील अशी जागा आपल्याच भाजीच्या गाडीत आहे, समोरच्या सीटवर. तीन वर्षं झाले, तुनं माहेरचा उंबरा पाह्यला नाही. म्हणून सांगतो, माया जीव टांगणीले लागला आहे. गाडी रुसली.

बैल विकले तरी पोळा सोडू नको, आता पोट गाडीवर चालते तर गाडीलेच पूज, असं तुनंच लिहिलं होतं. मी तसंच केलं. धुतली, समोरून गेरू लावला, टपावर झूल टाकली. आदल्या सांजेले बाबा बैलायची करत तशी खांदशेकणीही केली, पळसाच्या पानानं, कोमट हळद-लोणी लावून. हेमला हसली, म्हणे गाडीले खांदा कुठी असते? मी म्हटलं, जिथं पाय दाबला की ओढ सुरू होते तोच खांदा. जेवायचं आवतनही दिलं. आन् पोळ्याच्याच दिवशी पहाटे वांगे आन् सांबाराच्या जुड्या भरून कारंजाले निघालो तर रेस दाबली तरी गाडी पुढे जाईना! बोर्डावर पिवळा दिवा लागला आन् गाडी वरातीतल्या घोड्यासारखी चालाले लागली. बंद करून चालू केली की चार पावलं पळते, पुन्हा तेच. डोक्यावर भारा घेतलेली बाई मले मागं टाकून गेली, वरून हसली.

कारंजाच्या अमरसिंग मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर बदलला. मंग नोझल साफ केले. मंग म्हणे वायर खराब. रोग हाल्याले आन् इंजेक्शन पखालीले, असं चाललं आहे. पाहू.

लोभ आहेच, तो उन्हात ठेवू नको.
तुया,
नथ्थूदादा


जऊळका,
१६ सप्टेंबर

ती. दादांस,
आवडाचा बसल्या जागेवरून नमस्कार, कारण वाकता येत नाही. वि. वि.

ठणका कमी आहे. यांचा खोकला तसाच, सुकेशनीनं दाढ काढून टाकली, बकरी माह्यापेक्षा बरी चालते.

तुमचं पत्र मी किशनले वाचून दाखवलं, तीच चूक झाली. तो म्हणे, अशी गाडी आडरानात बंद पडली तर आई कुठी उतरंल, कुठी बसंल? मामाची गाडी धड झाली हे मी स्वतः पाहीन, तेव्हाच आईले पाठवीन. नाहीतर तो भाड्याची गाडी करून मले कामरगावले सोडून देतो म्हणते. मी त्याले सांगितलं, भाड्याच्या गाडीनं पाव्हणी येते, लेक येत नाही. लेकीले घ्यायले मुऱ्हाळी येते, तिच्या पिशवीले हात लावते, मंग ती उंबरा ओलांडते. तो म्हणे, आई, हे जुनं झालं. मी म्हटलं, मीही जुनीच झाली, मले काहून ठेवलं मंग?

पण त्याचं एक पटलं. अंदाजानं हे बदल ते बदल करत बसू नका. जिथं मशीन लावून गाडीचा रोग वाचतात तिथं न्या. आन् त्या बिचाऱ्या गाडीवर चिडू नका. हरण्या बैल रुसला की तुमी त्याच्या कानात बोलत होते ते मले आठवते. गाडीले कान नसतील, पण तुमालेही कुठी आहेत?

मी पिशवी भरूनच ठेवली आहे. माया असू द्या.
तुमची,
आवडा


कामरगाव,
४ ऑक्टोबर

चि. सौ. आवडास आशीर्वाद. वि. वि.

यावेळी कोणाची तब्येत विचारत नाही, कारण मायीच ठिकाणावर नाही.

अमरसिंगनं मशीन आणवलं. त्यात निघालं की दोष रेसच्या पायडलात आहे. आता तार ओढणारं पायडल राह्यलं नाही म्हणे. पायडलाच्या वरच्या अंगाले एक डबी असते, तिले सेन्सर म्हणतात. पाय किती दाबला ते ती इंजिनाले सांगते. आपली डबी खोटं बोलून राह्यली होती. मी पाय पार खाली नेला तरी ती सांगे, अजून वरच आहे. म्हणून इंजिन भ्यायलं आन् जागेवर गुरगुरत राह्यलं. खोललं तर डबीच्या तोंडाशी पिवळं, चिकट काहीतरी. अमरसिंग म्हणे, जुनं ग्रीस पाझरलं असंल.

डबी वेगळी भेटत नाही, अख्खं पायडलच घ्या लागते. आपली गाडी जुनी, तिचं सामान कारंजात नाही. अकोल्याहून मागवलं ते दुसऱ्याच गाडीचं आलं, वायरचं तोंड बसेना. परत धाडलं. भाजी शेतात पिवळी पडली, मी रोज मिस्त्रीच्या दुकानात भिकाऱ्यासारखा उभा. शेवटी बरोबर पायडल आलं, बसलं, आन् गाडी वासरासारखी उधळली. पिवळा दिवा गेला. मी हेमलाले बाजूले बसवून कारंजाच्या वेशीपर्यंत जाऊन आलो. तिनं पदर धरून ठेवला, मले म्हणे, हळू, आवडाले आणाचं आहे, उडवाचं नाही.

दसऱ्याले पूजा केली. नवं पायडल म्हणजे दावणीले आलेला नवा गोऱ्हा, त्याचा पहिला मान. पळसाचं पान शोधून आणलं, लोणी कोमट केलं, वरपासून खालपर्यंत नीट चोळून शेकलं. दुसऱ्या दिवशी बसलो, पाय दाबला, आन् पिवळा दिवा! पुन्हा वरातीतला घोडा!

मी उतरून चाकाले लाथ मारली. चाकाचं काही गेलं नाही, माया अंगठ्याचं नख गेलं. अमरसिंग म्हणे, नवं सामान असं चार दिसात जात नसते, तुमच्या गाडीवर कोणाची नजर असंल. मिस्त्रीच जर नजर म्हणाले लागला तर मी कोणाकडे जाऊ? थकलो मी, आवडे. किशनले सांग, भाड्याची गाडी कर. यंदा मी मुऱ्हाळी नाही. पिशवी रिकामी करून ठेव.

तुया,
बिनकामाचा दादा


जऊळका,
९ ऑक्टोबर

ती. दादांस नमस्कार. वि. वि.

अंगठ्याले हळद लावा. पायडलले लावू नका.

तुमचं पत्र वाचता वाचता मी थांबली, आधीचं पत्र काढलं, दोन्ही मांडीवर ठेवले. पोळ्याच्या आदल्या सांजेले तुमी गाडीचा खांदा शेकला, दुसऱ्या दिवशी गाडी बसली. दसऱ्याले नव्या पायडलचा खांदा शेकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. डबीच्या तोंडाशी पिवळं चिकट निघालं ते ग्रीस नाही, दादा. ते आपल्या घरचं हळद-लोणी आहे! मी किशनले सांगितलं तर त्याच्या नाकातून चहा आला. मंग गंभीर होऊन म्हणे, त्या डबीत बारीक पत्र्यासारखं असते, तिथं लोणी-पाणी गेलं की ती काय खरं बोलंल?

बैलाचा खांदा जुवानं सोलून निघते, म्हणून बाबा लोणी लावत. गाडीच्या खांद्यावर जू कुठी आहे? पण पूज म्हणून मीच तुमाले टोचणी लावली होती, म्हणून अर्धं पाप मायं.

अमरसिंगले हे सांगितलं का? नसंलच. देवाचं काम मिस्त्रीले काय सांगायचं, असं तुमच्या मनात आलं असंल. वैद्यापासून आन् मिस्त्रीपासून काही लपवू नये. आजच जा, सगळं सांगा. गाडी झाली की किशन कारंजाले येऊन स्वतः चालवून पाहणार आहे.

पिशवी मी रिकामी केली नाही. भाड्याची गाडी दारात आली तर मी उंबऱ्यावर पाय लांब करून बसीन, मंग कोण उचलते ते पाहीन.

रागावू नका. हसून झालं की आठवण काढा.
तुमची,
आवडा


कामरगाव,
१६ ऑक्टोबर

चि. सौ. आवडास आशीर्वाद. वि. वि.

अमरसिंगले सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला, मायाकडे पाह्यलं आन् दुकानाबाहेर निघून गेला. मले वाटलं हसायले गेला, पण तो चिडला होता. म्हणे, काका, मी फिल्टर बदलला, नोझल साफ केले, अकोल्याच्या लोकायशी भांडलो, आन् तुमी लोणी लावून मोकळे! चहा पाजला तेव्हा नीट बोलाले लागला. डबी धुऊन, वाळवून पाह्यली, तिनं खोटं बोलणं सोडलं नाही. पुन्हा नवं पायडल आलं, पुन्हा तोच चिडका मिस्त्री, पुन्हा वाट पाहणं. बसवल्यावर त्यानं मले गाडीतच शपथ घ्यायले लावली, की पूजेचं जे काय असंल ते टपाच्या खाली उतरणार नाही.

किशन आला. चढावर, खड्ड्यातून, भर बाजारातून गाडी फिरवली. वाकून वाकून पायडलचा वासही घेतला कार्ट्यानं. उतरल्यावर म्हणे, मामा, गाडी चालते, पण समोरचे दिवे मंद आहेत, दिवस असताना पोचा. याच्या तोंडून एवढं निघालं हेच पुष्कळ.

तर मी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी निघतो. तुया पायाखाली ठेवायले हेमलानं गोधडी घडी करून ठेवली आहे. बाबा बैलायले म्हणत तसंच तुले म्हणतो, आज आवतन घे, उद्या जेवायले ये. हळद-लोणी उरलं आहे, ते तुया गुडघ्याले चोळीन. तिथं सेन्सर नाही.

गाडीत चढायले पाट कोणत्या पायाच्या बाजूनं ठेवू, ते मात्र मी निघायच्या आत लिहून धाड. किशनच्या फोनवरून नको, तुया हातचंच. वाट पाहून राह्यलो.

तुया मुऱ्हाळी,
नथ्थूदादा