नानासोंच्या काकडीनं मेलो न्हाई, तरीबी

मी, कृष्णात, वय एकुणीस, सातवी नापास, इस्लामपूरच्या शिवारातल्या आमच्या वस्तीवर राहणार, लिहून ठेवतो की आज माझं डोस्कं ठिकाणावर हाय. काल न्हवतं. काल मरतोय म्हणून मृत्युपत्राला हा कागद घेतला आन पैल्या वळीतच मरण टळलं. "चांगला कागद नासू नगंस, पुरा कर," असं चुलती राहीबाई म्हणाली. आईबापामागं मला तिनंच वाढवलं, म्हणून ऐकतो.

आधी काय झालं ते. काकीच्या परड्यात इषारी औषध कवाच मारत न्हाईत. मावा पडला की सकाळच्या दवावर राख उधळायची, अळ्या येचून कोंबड्यांम्होरं टाकायच्या, लयच झालं तर लसूण-मिरची वाटून पाणी गाळून मारायचं. पोरं काकड्या न्यायची, म्हणून मी फळीवर कवटी काढून "इष मारलं हाय" लिहून टांगलं. चोरी बंद!

मग शेजारच्या नानासोंनी बी तसलीच फळी लावली. मला वाटलं, आपलीच नक्कल. काल त्यांच्या दोन काकड्या न धुता खाल्ल्या. तोंड पेटलं, पोटात जाळ. तेवढ्यात नानासो आलं.

"फळी वाचली न्हाईस व्हय रं?"

"आवं, ती थाप असती की!"

"तुझी असंल. माझं औषध सांगलीचं हाय. साऱ्या गावाला ठावं हाय."

मी तितंच बसलो. माझा दोस्त जाफर यानं नाक दाबून तांब्याभर मीठपाणी पाजलं. बैलगाडी जुपली. काकी रडत म्हणाली, "भावजी, औषधाचं नाव सांगा, डाक्टर इचारल."

नानासो गाडीचं चाक धरून हुबं. मग बारीक आवाजात म्हणालं, "वयनी, तुमचंच हाय. लसूण-मिरची."

"आँ?"

"खरं औषध दोन वर्सं मारलं. माव्याला खाणारं ढालकिडंच मेलं, मावा दुप्पट आला. मग कुंपणावरनं तुमचं बघून शिकलो. पर बायकांचं औषध मारतो म्हणून चावडीत सांगू कसं?"

"मग पोराचं तोंड एवढं का पेटलं? माझ्यात मूठभर मिरच्या असत्यात."

"माप कुंपणावरनं दिसलं न्हाई."

काकी रडता रडता हसली. बैल सोडलं. रातच्याला मी चार भाकरी खाल्ल्या. जिवंत माणसाची भाकरी लय ग्वाड लागती.

आता वाटणी.

घरातला माझा वाटा काकीला. तिचाच हाय, पर कागदावर असू द्या.

माझी शिल्लक म्हंजे राखंत ठेवलेलं दोडक्याचं बी. ते बी काकीलाच. मागंल त्याला तिनं द्यावं, नानासोंना शेवटी.

गलोल जाफरला. मीठपाण्याचा राग हाय, तरीबी देतो. अट एकच, परड्यातल्या साळुंक्यांवर नेम धरायचा न्हाई. अळ्या त्या खात्यात, जाफर खात न्हाई.

नानासोंना मिरचीचं माप. काकीची मूठ, त्यांची न्हवं. त्यांनी चावडीत सगळ्यांम्होरं सांगावं की औषध राहीबाईचं हाय. न सांगितलं तर मी मेल्यावर त्यांच्या वेलीला मावा होऊन येईन.

कवटीची फळी माझी, तिचं काय करायचं ते मीच ठरवणार. ती आजच चुलीत घालायची, नानासोंची बी. दोन खोट्या फळ्या बघून मी तिसरी खरी बी खोटीच धरली असती, आन मग मीठपाण्यानं भागलं नसतं. तिच्या जागी कुंपणाला रोज एक काकडी बाहीरच्या अंगाला लोंबती ठेवायची. ज्याला पायजे त्यानं न्यावी. काकडी खाल्ली म्हणून आमच्या वस्तीवर कुणाला मृत्युपत्र लिहाय लागू नये.

हे कुणाच्या धाकानं लिहिलं न्हाई. काकी मागं हुबी हाय, पर तिच्या हातात लाटणं न्हाई.

सही: कृष्णात

साक्षीदार:
जाफर. मीठपाणी मायेनं पाजलं.
नानासो. माप कळलं. चावडीत सांगून आलो. हसली सगळी, पर चौघांनी माप इचारलं.

ठिकाण: काकीचं परडं
तारीख: १२ सप्टेंबर १९७४