उत्तरपक्ष राहिला

३ जून, सकाळ
आज माझ्या चष्म्याच्या घरात तीन स्क्रू आणि वायरचे एक भेंडोळे सापडले. चष्मा फ्रिजवर. बावीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात चष्म्यापुरतीही जागा असू नये, या अन्यायाची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून ही वही. कन्येला, म्हणजे ठकीला, जाब विचारला. म्हणाली, स्क्रू सांडू नका हं बाबा, मोजून ठेवलेत.

४ जून
ठकीला मोठ्या कॉलेजचे पत्र आले. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून तिथे ट्रान्सफर मिळू शकते. गाडीने अकरा तास. पंधरा तारखेपर्यंत कळवायचे. इथे पोरगी वर्गात पहिली, लॅबची किल्लीसुद्धा तिच्याकडेच. असो. निर्णय सर्वस्वी तिचा. मी तटस्थ. जाऊ नये एवढेच फक्त सांगणार.

६ जून
तटस्थपणे तीन तोटे सांगितले: हॉस्टेलचे पाणी, हॉस्टेलच्या गाद्या, तिथल्या लोकांचे उच्चार. सौभाग्यवती, म्हणजे ही, म्हणाली, अहो, त्या गाद्यांवर तुम्ही झोपणार आहात का? मी चौथा तोटा शोधायला घेतला.

८ जून
ठकीचे तळ्यात-मळ्यात. इथले सर नावाने ओळखतात, प्रोजेक्ट अर्ध्यावर आलाय. तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणाली, बाबा, तुम्हीच सांगा काय ते.
संधी चालून आली! शास्त्रीय पद्धतीने जाणार. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू. ती त्याच्याहूनही झकास मांडायची, आणि मग उत्तरपक्षात तिचा फडशा पाडायचा. उद्या 'जावे'. परवा 'जाऊ नये'. निकाल ठरलेलाच.

९ जून, संध्याकाळ
पूर्वपक्ष अप्रतिम झाला. पाऊण तास. "जिथे आपणच सगळ्यांत हुशार, तिथे आपली वाढ खुंटते" हे वाक्य तर मलाही पटले. ठकीचे डोळे भरून आले. ही दारात उभी राहून ऐकत होती. लग्नानंतर प्रथमच मध्ये बोलली नाही. उद्या खंडन. बारा मुद्दे तयार.

१० जून, सकाळी ८
ठकीने काल जेवायच्या आधीच होकार पाठवला. गळ्यात पडून म्हणाली, बाबा, मला वाटलं होतं तुम्ही मोडता घालाल. मी म्हणालो, अगं, उत्तरपक्ष बाकी आहे. ही म्हणाली, तो आता भिंतीला ऐकवा.

१२ जून
होकार पंधरापर्यंत मागे घेता येतो, असे कळले. ठकीला बाजाराच्या वाटेवर गाठून बारा मुद्दे ऐकवायचे ठरवले. बाजारात बॅग घेतली. चाके मी स्वतः फिरवून पारखली. दुकानदार म्हणाला, काका, दहा वर्षं बघायला नको. मुद्दे राहिले. अजून तीन दिवस आहेत.

१५ जून, संध्याकाळी ५.२०
पाचला मुदत संपली. ठकी मैत्रिणीकडे गेली होती. मी आणि ही चहाला बसलो. ही म्हणाली, ठकीचा फोन आला होता का? मी म्हणालो, नाही. मग चहा संपेपर्यंत दोघेही गप्प.
ठकीची मला काळजी नाही. ती कुठेही चमकेल. पण वीस वर्षे आम्ही दोघे बोलत आलो ते ठकीविषयीच. ती गेल्यावर या टेबलाशी समोरासमोर बसून हिच्याशी काय बोलायचे, ते मला माहीत नाही.