चौथी ओळ विसरलेला शिपाई

प्रिय बाकबहाद्दर यास,

कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. (उरलेला तू मनाने धरून घ्यावास.) गुडघा कसा आहे? जिना अजून एकेक पायरी करून चढतोस, की खालच्याच खोलीत मुक्काम हलवलास? कानातले यंत्र दुरुस्त होऊन आले का? वहिनींना माझा आदरपूर्वक नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, मधली वाक्ये न गाळता. कारण ती कुत्र्याची गोष्ट त्यांनी तुझ्या तोंडून किमान तीसदा ऐकली असेल, आणि आज मला त्या गोष्टीचा निकाल लावायचा आहे.

प्रत्येक लग्नकार्यात तू ती सांगतोस, तेव्हा आज एकदा माझ्या बाजूने ऐक. सातवी ‘ब’. पाठांतराची स्पर्धा. खिडक्यांना लावलेला निळा कागद, त्यातून येणारा तो पाण्यातल्यासारखा उजेड, आणि मी टेबलाशेजारी हात मागे बांधून उभा. (त्या उजेडाची आठवण झाली की अजून माझे हात आपसूक मागे बांधले जातात, आणि तरीही तो उजेड पुन्हा एकदा दिसावा असे वाटते, म्हातारपण म्हणतात ते हेच असावे.) कविता पहारेकऱ्याची:

उभा पहारी राहिन येथे, ढळेल ना हे पाऊल;
वारा येवो, वादळ येवो, लागो अरिची चाहूल;
पुढे अंधार, हाती भाला, आणिक माझ्या पाठी...

इथे माझे विमान खाली आले. चौथी ओळ पार पुसली गेली. पहिल्या बाकावर तू बसला होतास. तुला अख्खी कविता पाठ होती. मी तुझ्याकडे आशेने पाहिले, तुझे ओठ हलले, आणि मी मित्रावर विश्वास टाकून खणखणीत आवाजात म्हणालो, “आणिक माझ्या पाठी कुत्रे!” परीक्षकबाईंचा चष्मा हसताना नाकावरून निसटला. सरांचा नियम तुला ठाऊकच आहे: अडलात की पुन्हा पहिल्यापासून. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी आलो, पुन्हा तेच कुत्रे. असे चार वेळा झाल्यावर सरांनी मला कोपराला धरून खाली नेले. पहिले बक्षीस, म्हणजे तो पत्र्याचा कंपासपेटीचा डबा, तुला मिळाला. मी तुझ्याशी सहा महिने बोललो नाही; पण चौथी ओळ माझ्याशी बासष्ट वर्षे बोलली नाही, ते जास्त लागले. पाणीपुरवठा कार्यालयात मीटरच्या नोंदी करताना मी ही कविता गुणगुणायचो आणि ‘पाठी’पाशी येऊन थांबायचो. शेजारचे कारकून म्हणत, “झालं, साहेबांची गाडी स्टेशनात आली.”

तर मित्रा, त्याच कवितेवर, त्याच जागी अडखळून, मी जिंकलो आहे. कसे, ते सांगतो.

माझी नात (थोरल्याची, लहानपणी तुझ्या टोपीत तिने सरडा ठेवला होता ती) एका कंपनीत संगणकावरचे खेळ तयार करते. परग्रहावरची लढाई, आकाशात तीन चंद्र, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी कुणालातरी मारतो आहे, असा तो खेळ. तो अनेक भाषांत निघतो आणि आपल्या भाषेतले बोलणे नातीकडे असते. एका दुपारी ती आली आणि म्हणाली, “आजोबा, तुमचा आवाज हवाय. घोगरा, दमलेला, पण ताठ.” अशी स्तुती माझी आजवर कुणी केली नव्हती. मी लगेच हो म्हणालो.

तिने मला शिपायाचा कागद दाखवला. उंची साडेसात हात. डोळा एक. हात सहा, पैकी चार रिकामे. रंग शेवाळलेल्या टाकीसारखा. शस्त्र भाला. आणि शेवटच्या रकान्यात, ‘स्वभाव’ या शब्दापुढे, नुसती आडवी रेघ.

“अगं, याला स्वभावच नाही?”

“नाही आजोबा. तो तिसऱ्या दारावर उभा असतो. ‘थांब, कोण आहे?’ म्हणतो, भाला उचलतो, मरतो. सात सेकंदांचं काम.”

“सात सेकंद खूप झाले. तुझ्या आजीनं मला चार सेकंदांत ओळखलं होतं.”

ती हसली, पण मला ती रेघ टोचत राहिली. आमच्या कार्यालयाच्या दारावरचा पहारेकरी मला आठवला. तीस वर्षे त्याने मला फक्त “कोण?” एवढेच विचारले, पण पगाराच्या दिवशीचा ‘कोण’ वेगळा, त्याची मुलगी सासरी गेली त्या आठवड्यातला वेगळा, आणि मी निवृत्त झालो त्या संध्याकाळी, मला पाठमोरे पाहूनही त्याने हळूच विचारलेला ‘कोण’ तर मी अजून खिशात घेऊन हिंडतो. दारावर उभ्या राहणाऱ्याला स्वभाव नसतो, असे ज्याने ठरवले तो कधी दारावर उभा राहिलेला नसावा. (विषयांतर झाले. तू वहिनींना एवढा परिच्छेद दोनदा वाचून दाखवलास तरी चालेल.)

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे आतून स्पंज लावलेले कपाटच. मध्ये जाड काच, काचेपलीकडे कानांवर डबे चढवून बसलेला एक गृहस्थ. त्याला तिथे सगळे कानवाला म्हणतात. तो म्हणाला, “आजोबा, आधी आवाज तपासतो. काहीही बोला.” आता ‘काहीही बोला’ म्हटल्यावर माणसाच्या तोंडून काय निघावे, हे त्याच्या हातात नसते. माझ्या तोंडून निघाली पहारेकऱ्याची कविता. स्पंजाच्या खोलीत आवाज कुठेच आपटत नाही, थेट आत जातो. मी सातवी ‘ब’मध्ये पोचलो. ‘पाठी’पाशी आलो आणि थबकलो. कुत्रे ओठांवर आले, ते मी गिळले, आणि सरांच्या नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ‘पाठी’. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मी मागे वळून पाहिलेसुद्धा, जणू चौथी ओळ माझ्या मागे भिंतीला टेकून उभी असावी. कानवाल्याने खूण केली, “पुरे.” मग मी “थांब, कोण आहे?” म्हणालो, मेलो (दोन प्रकारे, एक कण्हत आणि एक न कण्हता), चहा प्यायलो आणि घरी आलो.

पुढे काय घडले ते नात मला खेळ दाखवायला घेऊन गेली तेव्हा कळले. एका लांबट खोलीत आठ जण दिवसभर खेळ खेळून त्यातल्या चुका शोधत बसतात, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. (आपल्याला याच कामाबद्दल छडी मिळत असे.) त्यांत एक मुलगी फार कडक. त्या सकाळी तिने दोनशे परग्रहवासी गारद केले होते. ती तिसऱ्या दाराशी आली. शिपाई पुढे झाला. आणि “थांब”ऐवजी म्हणू लागला, “उभा पहारी राहिन येथे...”

नात पांढरी पडली. कानवाल्याने कानावरचे डबे काढले. आवाज तपासायची ती नोंद त्याच्या हातून शिपायाच्या नावाने आत गेली होती. शिवाय यंत्राचा एक नियम होता: शिपायाचे बोलणे पूर्ण झाले की तो भाला उचलणार, आणि मगच लढणार; समोरच्याला गोळी मात्र केव्हाही झाडता येते. पण माझे बोलणे पूर्ण होतच नव्हते, म्हणून यंत्र तीच नोंद पुन्हा पुन्हा लावत होते! शिपाई ‘पाठी’पर्यंत येई, अडे, आपला एकुलता डोळा घेऊन मागे वळून पाही (ही मान वळवायची लकब त्याला आधीपासूनच दिलेली होती, माझे त्यात काही नाही), आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी खुर्चीत आक्रसून बसलो. आता हसतील, म्हटले. बासष्ट वर्षांनी तेच हसणे, फक्त चष्मे बदललेले.

कुणीही हसले नाही. त्या कडक मुलीने बंदूक खाली केली. शेजारचा म्हणाला, “मार ना, काय बघतेस?” ती म्हणाली, “गप रे. त्याला आठवू दे.” मग बाकीचे सातही जण उठून तिच्या पडद्याभोवती जमले आणि शिपायाला ओळ सुचवू लागले. “आणिक माझ्या पाठी डोंगर!” “छे, वृत्तात बसत नाही. पाठी दार!” “पाठी बायको,” कानवाला म्हणाला, आणि त्याला सगळ्यांनी गप्प केले. मित्रा, त्या दिवशी मला मदत करणारे एकच तोंड होते आणि तेही तुझे. इथे आठ तोंडे होती, आणि आठही खरोखर मदत करत होती. मी काहीतरी डोळ्यांत गेल्याचे सोंग केले.

तेवढ्यात मुख्य बाई आल्या. त्यांच्या हाताखाली ही सगळी लढाई चालते. त्यांनी दारापाशी खोळंबलेले लोक पाहिले. “हा कोण अडवून बसलाय सगळ्यांना? अकरा मिनिटं झाली. काढा त्याला. सोमवारी जुनं वाक्य परत घाला.” नातीने मान खाली घातली. माझ्या कोपराला मात्र सरांची ती पकड पुन्हा जाणवली. या वेळी मी खाली उतरणार नव्हतो. (मी तसा भित्रा, तुला माहीत आहे. पण शिपायाला कोपरे सहा होती. प्रश्न एकट्या माझ्या कोपराचा नव्हता.) मी उठलो आणि म्हणालो, “बाई, काढा. पण आधी एकदा स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहा.”

त्या उभ्याच राहून खेळायला लागल्या, म्हणजे लवकर संपवता येईल. पहिल्या फेरीला त्यांनी घड्याळ पाहिले. दुसऱ्या फेरीला खुर्ची ओढली. तिसऱ्या फेरीला शिपाई ‘पाठी’पाशी अडला, त्याने मागे वळून पाहिले, आणि बाईंचे ओठ आपोआप हलले. काय म्हणाल्या ते मला दिसले नाही. प्रत्येकाचे कोपर कधी ना कधी कुणा सरांनी धरलेले असतेच. त्यांनी हातातले यंत्र खाली ठेवले आणि विचारले, “याच्या स्वभावाच्या रकान्यात काय आहे?”

“रेघ,” नात म्हणाली.

“खोडा.”

तिथे काय लिहायचे ते नातीने मला विचारले, आणि मी सांगितले ते तिने जसेच्या तसे लिहिले: ‘विसराळू. पण जागा सोडत नाही.’

खेळ बाजारात येऊन तीन महिने झाले. वेष्टनावर नायकाचे चित्र मागे गेले असून पुढे माझा शिपाई आहे, सहा हात आणि एक बुचकळ्यात पडलेला डोळा. लोक तिसऱ्या दाराशी येतात आणि बंदुका खाली ठेवून बसतात. एक परिचारिका कळवते की मधल्या सुट्टीत ती फक्त त्याला भेटून येते. एका बसचालकाने चौथ्या ओळी पाठवल्या आहेत, एकूण चाळीस, त्यातली एकही वृत्तात बसत नाही, पण एकीतही कुत्रे नाही, याची नोंद घ्यावी. तुझा पत्र्याचा डबा कुठे आहे रे आज? गंजला असेल. माझे अडखळणे मात्र भाषांतर होऊन अकरा देशांत पोचले आहे. निकाल लागला असे मी जाहीर करतो, आणि वहिनींनी त्यावर सही करावी.

गुडघ्याला जप. यंत्र कानात घालत जा, टेबलावर ठेवून ते ऐकत नाही.

तुझा,
सातवी ‘ब’, हजेरी क्रमांक एकोणीस

ता. क. प्रामाणिकपणे सांगायला हवे, की एका व्यक्तीने शिपायाला गोळी घातली. ती तुझी वहिनी, म्हणजे आमची. नातीने तिच्या हाती खेळ दिला. शिपायाने “उभा पहारी” एवढेच म्हटले आणि हिने त्याला आडवा केला. म्हणाली, “मी हे पंचेचाळीस वर्षं ऐकतेय.”

आणखी ता. क. पत्र लिहायला घेतले ते खरे तर एका कामासाठी, ते विजयाच्या भरात राहूनच गेले. खेळाचा दुसरा भाग निघतो आहे. बाईंची इच्छा आहे की त्यात शिपायाला चौथी ओळ आठवावी. कविता तुला पाठ होती. उलटटपाली ओळ पाठव. कुत्रे नको.

शेवटचे ता. क. ओळ पाठवू नकोस. हे पत्र चार दिवस टेबलावर पडून राहिले, तेवढ्यात नातीने रद्दीतून तुझ्यामाझ्या वेळचे सातवीचे पुस्तक शोधून आणले. पान एकतीस. ‘आणिक माझ्या पाठी निजले सारे गाव’. एवढेच होते रे. बासष्ट वर्षे मी वळून वळून पाहत होतो ते हे. ओळ दोनदा मोठ्याने वाचली. मग यंत्राचा नियम आठवला: बोलणे पूर्ण झाले की तो भाला उचलणार, समोरचा गोळी झाडणार, आणि मागे निजलेल्या गावाला कुणी उरणार नाही. म्हणून मी बाईंना सांगितले की प्रयत्न करतो, पण आठवेलसे वाटत नाही. नात म्हणाली, “आजोबा, मी पुस्तक पाहिलंच नाही.” अडचण अशी, की आता ओळ येऊ लागल्यामुळे मला अडता येत नाही. काल आरशासमोर तीनदा म्हणून पाहिली, तिन्ही वेळा सुरळीत पार गेलो. ध्वनिमुद्रण येत्या गुरुवारी सकाळी दहाला आहे. गाडी पाठवतो, जिना नाही. काचेपलीकडे कानवाल्याशेजारी तुझी खुर्ची सांगून ठेवली आहे, पहिल्या बाकासारखी, अगदी समोर. काचेतून आवाज येत नाही, पण तुझे ओठ मला वाचता येतात. मी ‘पाठी’पाशी आलो की पूर्वीसारखेच, विश्वासू चेहरा करून, म्हण. पुढचे मी आणि शिपाई सांभाळून घेऊ.