गार हाताची तपासणी

मंगळवार, सांज

डोकं अजून शांत होत नाहीये. नोकरी गेली, तीसुद्धा लागायच्या आधी!

पहाटे म्हशीची धार काढली आणि पालीपासून नसरापूरपर्यंत कडाक्याच्या थंडीत स्कूटी चालवत गेले. वायरिंगच्या त्या कंपनीत भरतीआधी मनगटातली नस दबलीय का ते बघतात. गेल्या गेल्या तपासणाऱ्यानं हाताला पट्ट्या चिकटवून करंटचे झटके दिले. "हात लई गार हाय की तुमचा," म्हणाला आणि हसला. हसायला काय झालं होतं मेल्याला?

रिपोर्ट आला. नस मंद, अपात्र.

मी म्हटलं, "मला कधी हाताला मुंग्यासुद्धा येत न्हाईत."

"गार हातात नस हळू चालती, ताई. आधी ऊब द्यायला पायजे हुती."

"मग द्या ऊब, परत तपासा."

"एकदाच तपासायचं, सायबांनी सांगितलंय."

रिपोर्टवर हाताच्या तापमानाचा रकाना आहे. कोरा! एवढ्या मोठ्या कंपनीत तांब्याभर गरम पाणी मिळू नये? रकाना कोरा आणि अपात्रचा शिक्का मात्र ठळक.

आत्ता चुलीपुढं बसून लिहितेय. हात तोच आहे, चांगला गरम झालाय. आत्ता या म्हणावं नस मोजायला.