आशीर्वादानंतर

आदरणीय पाद्रिनो एरिबेर्तो यांस,

तुमच्या चिरुटांच्या कारखान्यातल्या निम्म्या कामगारांच्या पोरांचे पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, तुम्हीच. बाप्तिस्म्याला मला हातांवर तुम्हीच घेतलंत आणि कॉलेजात कामगार कायदा शिकायलाही तुम्हीच घातलंत, ऑफिसात आपलं माणूस हवं म्हणून.

परवा वर्गात मी आईचंच उदाहरण दिलं. तिचा खोकला थांबेना तेव्हा तुम्ही म्हणालात, "एनेइदा, घरी जा, आराम कर." मग कारखान्यात तिच्या बाकावर दुसरी बाई बसली.

आमच्या बाईंनी विचारलं, "परत कधी बोलावलंय?"

"नाही बोलावलं."

"मग आराम कसला? कामावरून काढलंय तिला."

"आमचे पाद्रिनो कुणाला काढत नाहीत," मी म्हणाले. वर्ग हसला. बाई नाही हसल्या.

घरी सांगितलं तर आई माझ्यावरच उखडली. "घरच्या माणसाला कायदा दाखवतेस? लाज नाही वाटत?" पण तंबाखूचं पान कापायचं तिचं पातं ती अजून रोज पुसून ठेवते. ते पाहिलं आणि माझं ठरलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही आईला गोड बोलाल आणि विषय तिथेच मिटेल. त्यापेक्षा सोमवारी तिला घेऊन मीच येते. दारात नेहमीसारखं म्हणेन, "आशीर्वाद द्या, पाद्रिनो." तुम्ही द्याल. आशीर्वाद मिळाला की आपल्याकडे माणूस गाऱ्हाणं गिळून निघतो.

मी खुर्ची ओढून बसणार आहे.

तुमचीच धर्मकन्या,
युदेल्का