तीन आठवड्यांचा खोकला

प्रिय धाकटे,

तू पाठवलेली खोकल्याची बाटली तुझ्या वहिनीने आणून दिली. कॅन्सरच्या वॉर्डातून बहिणीने भावाला औषध धाडावं! बाटली टेबलावर आहे, सील तसंच. उत्तरपत्रिका तपासताना ती माझ्याकडे बघते, म्हणून तिच्यापुढे शब्दकोश उभा केला आहे.

गेल्या वर्षी तुझ्यासाठी माझ्या मूळपेशी काढल्या, ते आठवतं? एका हातातून रक्त यंत्रात, दुसऱ्यातून परत. चार तास हलायचं नाही. नेमकं तेव्हाच नाक खाजलं. ते नर्सबाईंनी खाजवलं, आणि ही वार्ता तू सगळ्या गोतावळ्यात पोचवलीस. पुढे आजार उलटला तेव्हा म्हणालीस, दादा, तुझ्या पेशी तुझ्यावरच गेल्यात, दुपारच्या झोपतात. सगळे हसले. मीही हसलो.

मग डॉक्टरांनी समजावलं, की शरीरातल्या पांढऱ्या पेशी बिघडलेल्या पेशींना हुडकून मारतात. नेहमीच्या काही कॅन्सरांत रोग्याच्याच पेशींना औषधाने डिवचून कामाला लावता येतं. तुझ्या रक्ताच्या दुर्मिळ कॅन्सरला मात्र बाहेरची कुमक लागते. म्हणजे माझ्या पांढऱ्या पेशी पुन्हा हव्यात, आणि लवकर. फक्त देणाऱ्याला ताप-खोकला नको. हे शेवटचं वाक्य मी फार लक्ष देऊन ऐकलं.

पंचवीस वर्षं वर्गात वीररस शिकवतो आहे. मला खोकला नव्हता, धाकटे. एक दिवसही नव्हता. सुयांची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की या खेपेलाही माझ्या पेशी हरल्या, तर तू माझ्यामुळे गेलीस असं जन्मभर वाटत राहील. म्हणून फोनवर तुला खोकून दाखवलं. आणि तू डॉक्टरांना सांगितलंस, दादाला घाई करू नका, त्याची छाती लहानपणापासून नाजूक. त्या तीन आठवड्यांत तुझ्या रक्तातल्या वाईट पेशी दुप्पट झाल्या.

काल डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. त्यांनी नुसती उद्याची वेळ दिली. उद्या सकाळी आठला मी त्या खुर्चीत असेन, संध्याकाळी पेशी तुला चढवतील. हे पत्र त्याआधी तुझ्या हाती द्यायचं, असं नर्सबाईंना बजावलं आहे. नंतर कळलं असतं, तर तू उपकारापोटी माफ करून टाकलं असतंस. तसली माफी मला नको. पेशी तेवढ्या घे. माझ्याशी बोलायचं की नाही, ते सावकाश ठरव.

तुझाच, ओशाळलेला
दादा