तिरळी बाई

३ मार्च
बाबांना जाऊन महिना झाला. आज त्यांचं बुटांचं दुकान आवरलं. लाकडी साचे, दोरे, पॉलिशचे बावीस डबे. शेवटचा जोड त्यांनी माझाच शिवला — डावा पाय आखूड म्हणून डावा तळ दोन बोटं जाड, लहानपणापासून असतो तसा. आता कोण शिवणार?
मागच्या भिंतीवर तिरळी. लढाईच्या दिवसांतलं चित्र. एक डोळा वर, एक खाली, नाक भलतीकडेच, खालचं सगळं तपकिरी. कोण ही, विचारलं की बाबा म्हणायचे, "आहे एक." संपलं.
दादा म्हणतो, विकू. मला वाटतं ती आई आहे. बोलले नाही.

५ मार्च
बोलले! आत्या उसळली — "तुझी आई अशी? देखणी होती ती!" आईचा एकही फोटो नाही. मी दोन वर्षांची असताना घरावर बॉम्ब पडला, त्यात आईही गेली, फोटोही. दादा तेव्हा आत्याकडे होता, मी बाबांबरोबर दुकानात. त्याला तिचा फक्त आवाज आठवतो.
दादाशी ठरलं — आई असेल तर भिंतीवर, परकी असेल तर लिलावात.

९ मार्च
काय दिवस! लिलावघरातून चष्मेवाल्या बाई आल्या. चित्राचं तोंड न बघता त्यांनी आधी पाठ बघितली. कापड खिडक्या झाकायच्या काळ्या पडद्याचं — लढाईत दुसरं मिळणार कुठून? आणि चौकटीला बुटाचे खिळे, सगळे सारख्या अंतरावर. म्हणाल्या, कापड ताणणारा हात बूट शिवणाऱ्याचा. बाबांचा हात!
मग सही बघितली आणि चष्मा काढून पुसत बसल्या. या चित्रकाराची त्या काळातली तीनच चित्रं उरलीत म्हणे. किंमत ऐकून दादानं खुर्ची ओढली.
कापसाचा बोळा फिरवला तर तो तपकिरी झाला. त्यांनी वास घेतला. मला कबूल करावं लागलं — दर रविवारी बूट घासून झाले की बाबा तिरळीवरूनही पॉलिशचं फडकं फिरवायचे. टिकावी म्हणून. बाईंनी कपाळाला हात लावला.

११ मार्च
बाई साफ करायला रोज येणार. धीर करून विचारलं, डोळे असे का? चित्रकाराचं चुकलं का?
"विमानं यायच्या दिवसांत बाई एकीकडेच कशी बघेल? एक डोळा आभाळाकडे. दुसरा कुठे लागलाय, तुम्हीच बघा."
मांडीकडे! इतकी वर्षं आम्ही तिला तिरळी म्हणून हसलो. मांडीवर पॉलिश सगळ्यात जाड आहे. बाबांचा हात तिथेच जास्त रेंगाळायचा.

१४ मार्च
निळं निघालं! स्वच्छ निळं! धावत आत्याला सांगितलं. म्हणाली, निळे कपडे काय, कुणीही घालतं. तेही खरंच.

१५ मार्च
निळ्यावर काहीतरी गुलाबी. बाई म्हणतात, घाई नको. मला जेवण जाईना.

१६ मार्च
बाळ. पायांत बूट. डाव्याचा तळ उजव्यापेक्षा जाड.
दादानं वाकून चित्रातला बूट बघितला, मग माझा. आतून हातोडी आणि खिळा घेऊन आला.